रेडिओवर बोलला म्हणून फाशी? देशद्रोहाचा गुन्हा नेमका कशावर ठरतो

सीमेवर जरा काही झालं की आपल्या मोबाइलवर एक शब्द धावत सुटतो: देशद्रोही. कुणी व्हिडिओ टाकला, कुणी परदेशी वाहिनीला मुलाखत दिली, कुणी पलीकडच्या माणसाशी गप्पा मारल्या, की खाली प्रतिक्रियांमध्ये खटला उभा राहतो आणि तासाभरात निकालही लागतो. या शब्दाला कायद्यात काय अर्थ आहे, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. तो समजून घ्यायचा असेल तर दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या रेडिओवरून बोललेल्या माणसांचे खटले वाचावेत. कारण त्यांनी ना बंदूक चालवली, ना नकाशे चोरले. ते फक्त बोलले.

त्यातली दोन माणसं आपण जवळून पाहू. एक पुरुष ब्रिटनचा नागरिक नव्हता, तरी ब्रिटनशी द्रोह केला म्हणून फासावर गेला. एक स्त्री शत्रूच्या राजधानीत अडकली असताना तिनं अमेरिकेचं नागरिकत्व सोडलं नाही, आणि ते सोडलं नाही म्हणूनच तिच्यावर अमेरिकेशी द्रोहाचा खटला चालू शकला. दोन्ही वाक्यं उलटी वाटतात. पण कायद्याचं सगळं तर्कशास्त्र त्यांच्यातच आहे.

कडी आतून कुणी काढली?

वाड्याला वेढा घालून बसलेला शत्रू हा शत्रूच असतो. त्याला कुणी फितूर म्हणत नाही. फितूर म्हणतात तो आतून दिंडी दरवाजाची कडी काढणाऱ्याला. वाडा पडतो तो दोघांमुळेही, पण दुसऱ्यावरचा राग वेगळा असतो, कारण तो आतला असतो. रायगड पडून तीनशेहून अधिक वर्षं झाली, तरी आपण अजून 'सूर्याजी पिसाळ' हे नाव शिवीसारखं वापरतो. त्या माणसावरचा आरोप कितपत खरा, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण नाव चिकटलं ते चिकटलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इंग्रजी कायद्यातला देशद्रोह म्हणजे हाच घरभेद. हा कायदा 1351 सालचा, तिसऱ्या एडवर्ड राजाच्या काळातला. त्यात म्हटलंय की राजाच्या शत्रूंना जाऊन मिळणं, त्यांना राज्यात 'किंवा अन्यत्र' मदत आणि दिलासा देणं हा द्रोह. शिक्षा मृत्यूची. यातल्या दोन-तीन शब्दांवर पुढे माणसांचे जीव अवलंबून राहिले. या गुन्ह्याच्या मुळाशी एक कल्पना आहे, निष्ठेची. राजा तुमचं रक्षण करतो, त्याच्या बदल्यात तुम्ही त्याला निष्ठा देणं लागता. निष्ठाच नसेल तर द्रोह नाही. जर्मन सैनिक इंग्लंडवर बॉम्ब टाकतो तेव्हा तो शत्रू असतो, देशद्रोही नव्हे.

मराठीत इथे एक घोटाळा नेहमी होतो. लोकमान्य टिळकांना 1897 आणि 1908 मध्ये शिक्षा झाली ती राजद्रोहासाठी, कलम 124-अ खाली. राजद्रोह म्हणजे सरकारविषयी लोकांच्या मनात अप्रीती निर्माण करणं. त्याला युद्ध लागत नाही, शत्रू लागत नाही, एक अग्रलेख पुरतो. आपण इथे ज्याबद्दल बोलतोय त्या द्रोहाला युद्ध हवं, शत्रू हवा आणि आरोपी आतला हवा.

रेडिओनं काय बदललं?

पूर्वी शत्रूचं पत्रक गावात आणायला माणूस लागायचा, आणि माणूस पकडता यायचा. रेडिओला नाका नाही. लघुलहरी आकाशातल्या वरच्या थरावर आदळून परत खाली येतात, पाण्यावर चपटा दगड टप्पे घेत जातो तशा, आणि टोकियोत बोललेलं पॅसिफिकमधल्या बेटावर ऐकू येतं. हाम्बुर्गहून मध्यम लहरींवर बोललेलं तर लंडनच्या दिवाणखान्यातल्या साध्या संचावरही स्वच्छ लागायचं.

जर्मनीत युद्ध सुरू होताच परदेशी केंद्रं ऐकणं हा गुन्हा ठरवला गेला. ब्रिटननं मात्र ऐकण्यावर बंदी घातली नाही. लोक ऐकायचे. 1940 च्या सुरुवातीला हाम्बुर्गची इंग्रजी बातमीपत्रं सुमारे 60 लाख लोक नेमानं ऐकत होते, असा बीबीसीचाच अंदाज होता. का ऐकायचे? रस्त्यावर अंधार, करमणूक बंद, आपल्या सरकारच्या बातम्या मोघम, आणि पलीकडे एक माणूस ठसक्यात, टोमणे मारत बोलतोय. शिवाय युद्धकैद्यांची माहितीही तिथून मिळायची. बेपत्ता मुलाचं नाव कानावर पडेल या आशेनं आई शत्रूचं केंद्र लावून बसत असेल, तर तिला दोष कसा द्यायचा? प्रचार असाच घरात शिरतो. खोट्याच्या पोत्यात तुम्हाला खरंच हवा असलेला एक दाणा ठेवलेला असतो.

विल्यम जॉइसचा पासपोर्ट

त्या आवाजाला एका इंग्रजी वृत्तपत्राच्या रेडिओ समीक्षकानं नाव ठेवलं, लॉर्ड हॉ-हॉ. बहुधा ते दुसऱ्याच कुणाच्या आवाजाला उद्देशून होतं. पण लवकरच ते विल्यम जॉइसला चिकटलं. जॉइसचा जन्म 1906 चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. बाप आयरिश, पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला. कुटुंब पुढे आयर्लंडला परतलं, मग इंग्लंडला आलं. जॉइस तिथेच वाढला, शिकला आणि मोस्लीच्या फॅसिस्ट पक्षात ज्यूद्वेषी भाषणं ठोकू लागला. 1933 मध्ये त्यानं ब्रिटिश पासपोर्ट काढला. अर्जात जन्मस्थळ लिहिलं गॉलवे, आयर्लंड. ते खोटं होतं. ऑगस्ट 1939 मध्ये युद्ध तोंडावर असताना त्यानं त्या पासपोर्टची मुदत वर्षभरानं वाढवून घेतली आणि दोनच दिवसांनी जर्मनी गाठली. सप्टेंबर 1940 मध्ये तो रीतसर जर्मन नागरिक झाला.

मे 1945 च्या अखेरीला डेन्मार्कच्या सीमेजवळ जंगलात दोन ब्रिटिश अधिकारी सरपण गोळा करत होते. एक अनोळखी माणूस त्यांच्याशी बोलला, आणि आवाज ओळखीचा निघाला. त्यानं खिशाकडे हात नेला तेव्हा एका अधिकाऱ्याला वाटलं पिस्तूल असेल, त्यानं गोळी झाडली. ती मांडीत लागली. गोळी झाडणारा अधिकारी जर्मनीतून ब्रिटनला पळून आलेला ज्यू होता.

सप्टेंबर 1945 मध्ये लंडनच्या ओल्ड बेलीत खटला उभा राहिला. आरोप तीन होते. पहिले दोन तो ब्रिटिश प्रजाजन आहे असं धरून केलेले. त्याच्या वकिलांनी ब्रुकलिनचा जन्मदाखला आणि बापाचे अमेरिकी कागद मांडले, आणि ते दोन्ही आरोप कोसळले. उरला तिसरा. 18 सप्टेंबर 1939 ते 2 जुलै 1940 या काळात, म्हणजे पासपोर्टची मुदत संपेपर्यंत, त्यानं शत्रूसाठी प्रक्षेपण केलं. ज्यूरीनं त्यावर त्याला दोषी ठरवलं.

पण तो ब्रिटिश नव्हताच ना?

सगळ्यांना पडणारा प्रश्न हाच. आपल्या हाउसिंग सोसायटीचं उदाहरण घेऊ. एका माणसानं खोटे कागद देऊन सभासदाचं ओळखपत्र मिळवलं. त्यावर तो गेटमधून ये-जा करतो, अडचण आली तर वॉचमनला हाक मारू शकतो. पुढे सोसायटीविरुद्ध काही केल्यावर तो म्हणाला, "अहो, मी सभासद नाहीच, तुमचे नियम मला कसे लागू?" जॉइसचं अपील हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि त्यानं नेमकं याचंच उत्तर दिलं. परदेशात असताना ब्रिटिश पासपोर्ट खिशात आहे म्हणजे तू ब्रिटनचं संरक्षण मागू शकतोस, आणि संरक्षण मागू शकतोस तोवर निष्ठा देणं लागतोस. चार विरुद्ध एक असा निकाल लागला. विरोधात गेलेले लॉर्ड पोर्टर यांचं म्हणणं होतं की पासपोर्ट त्यानं खरंच वापरासाठी जवळ ठेवला होता का, हा प्रश्न ज्यूरीपुढे ठेवायला हवा होता.

जॉइस माणूस म्हणून विखारी होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही हा निकाल वाचताना मी दरवेळी अडखळतो. लंडनवर रात्रीमागून रात्र बॉम्ब पडत होते ते सप्टेंबर 1940 नंतर, आणि त्या काळातली त्याची सगळी कुप्रसिद्ध भाषणं शिक्षेच्या हिशेबात धरलीच गेली नाहीत, कारण तोवर पासपोर्ट संपला होता. हिशेबात धरलेल्या साडेनऊ महिन्यांसाठी पुरावा काय, तर मुख्यतः एका पोलीस अधिकाऱ्याची साक्ष. युद्धाआधी त्यानं जॉइसची भाषणं ऐकली होती, आणि फोकस्टोन व डोव्हर उद्ध्वस्त झाल्याचं रेडिओवर सांगणारा आवाज त्यानं ओळखला होता. लोकांना ज्यासाठी तो फासावर हवा होता ते एक, आणि कायद्यानं त्याला ज्यासाठी फासावर दिलं ते दुसरंच. 3 जानेवारी 1946 रोजी सकाळी वाँड्सवर्थ तुरुंगात त्याला फाशी झाली.

टोकियो रोज नावाची कुणी नव्हतीच

इवा तोगुरी 4 जुलै 1916 रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, लॉस एंजेलिसमध्ये जन्मली. आईवडील जपानी, ती मात्र अस्सल अमेरिकी. कॅलिफोर्निया विद्यापीठाची पदवीधर, जपानी भाषा धड न येणारी. 1941 च्या उन्हाळ्यात आजारी मावशीला भेटायला ती जपानला गेली आणि डिसेंबरमध्ये जपाननं पर्ल हार्बर या अमेरिकी तळावर हल्ला केला. परतीची वाट बंद. जपानी पोलीस मागे लागले, नागरिकत्व बदल. तिनं नकार दिला. शत्रुदेशाची नागरिक म्हणून तिला रेशनकार्डही मिळालं नाही. पोटासाठी टंकलेखनाची कामं करत ती रेडिओ टोकियोत पोचली.

तिथे 'झीरो अवर' नावाचा कार्यक्रम युद्धकैद्यांकडून करवून घेतला जात होता. ऑस्ट्रेलियाचे मेजर चार्ल्स कझन्स हे पूर्वीचे रेडिओ निवेदक त्यात प्रमुख. त्यांनी इवाला निवडलं. प्रचाराची आतून वाट लावायची असं त्यांनी ठरवलं होतं आणि त्यासाठी त्यांना मोहक नव्हे, राकट, मजेशीर आवाज हवा होता. मजकूर ते लिहायचे, ती वाचायची आणि गाणी लावायची. स्वतःचं नाव ती 'ऑर्फन अ‍ॅन' असं सांगायची. उपाशी कैद्यांना ती लपवून अन्न आणि औषधं नेऊन द्यायची.

मग 'टोकियो रोज' आली कुठून? अमेरिकी सैनिकांच्या गप्पांतून. जपानी केंद्रांवरून इंग्रजी बोलणाऱ्या बायका बऱ्याच होत्या, सैनिकांनी सगळ्यांची मिळून एक बाई बनवली. तिला म्हणे तुमच्या तुकडीचं नाव माहीत असतं, उद्याचा हल्ला आज कळतो. ऑगस्ट 1945 मध्ये अमेरिकी सरकारच्याच युद्धमाहिती खात्यानं जाहीर केलं की अशी कुणी निवेदिका नाही, हे नाव सैनिकांनी रचलेलं आहे. ब्रिटनमध्येही हेच झालं होतं. अमुक गावचं टॉवरचं घड्याळ मागे पडलंय हे हॉ-हॉनं सांगितलं, असं गावोगाव लोक शपथेवर म्हणत. प्रक्षेपणांच्या नोंदी तपासल्या तर तसं काही बोललं गेलंच नव्हतं. भेदरलेला कान न ऐकलेलंही आठवतो. आणि पुढे कोर्टात साक्ष द्यायला याच आठवणी येतात.

युद्ध संपल्यावर दोन अमेरिकी पत्रकार टोकियो रोज शोधत आले. मुलाखतीसाठी 2000 डॉलरची बोली होती. हातात दमडी नसलेल्या इवानं आपणच टोकियो रोज असल्याच्या कागदावर सही केली. ती सही तिला आयुष्यभर भोवली. तिला अटक झाली, वर्षभर कोठडीत ठेवून पुराव्याअभावी सोडलं गेलं. पण ती मायदेशी परतू पाहतेय हे कळताच तिथे रेडिओवर आणि वर्तमानपत्रांत काहूर उठलं, आणि 1949 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत खटला चालला.

अमेरिकेच्या राज्यघटनेनं देशद्रोहाभोवती मुद्दाम उंच कुंपण घातलंय. एकाच उघड कृतीचे दोन साक्षीदार हवेत, नाहीतर भर कोर्टात कबुली हवी. इवावर अशा आठ कृत्यांचे आरोप होते. ज्यूरीचं एकमत होईना, न्यायाधीशांनी पुन्हा विचार करायला पाठवलं. चार दिवसांनी सात आरोपांतून ती सुटली आणि एकावर दोषी ठरली: ऑक्टोबर 1944 मधल्या एका दिवशी ती जहाजं बुडाल्याबद्दल माइकवर बोलली. दिवस कोणता, तेही ठरलं नाही. शिक्षा दहा वर्षं आणि 10,000 डॉलर दंड.

ते दोन साक्षीदार कोण होते? रेडिओ टोकियोतले तिचे वरिष्ठ. दोघेही अमेरिकेतच जन्मलेले, पण जपानी नागरिकत्व घेतलेले. त्यामुळे द्रोहाचा आरोप त्यांच्यावर येत नव्हता. निष्ठा सोडलेले साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, आणि निष्ठा न सोडलेली आरोपीच्या. 1976 मध्ये त्या दोघांनी 'शिकागो ट्रिब्यून'च्या बातमीदाराला सांगितलं की आपल्यावर दबाव होता, पढवून साक्ष घेतली गेली. 19 जानेवारी 1977 रोजी, पद सोडण्याच्या आदल्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी तिला माफी दिली आणि नागरिकत्व परत मिळालं. तोवर तिनं सहा वर्षांहून जास्त तुरुंगवास भोगला होता.

नुसतं बोलणं ही कृती कशी?

हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. कोर्टांचं उत्तर असं: मत असणं हा द्रोह नाही, शत्रूवर टीका न करणं हाही नाही. पण शत्रूच्या यंत्रणेत पगारावर बसून, त्याच्या युद्धाला मदत व्हावी या हेतूनं बोलणं ही कृती आहे. हेतू आणि मदत, दोन्ही हवीत. हलवायाच्या दुकानात माश्या हाकणारा नोकर आणि भेसळ करणारा मालक यांना एकाच मापानं मोजता येत नाही, तसंच हे.

प्रत्यक्षात माप बदलत राहिलं. बर्लिनहून बोलणारी अमेरिकी मिल्ड्रेड गिलार्स, सैनिकांची 'अ‍ॅक्सिस सॅली', 1949 मध्ये दोषी ठरली ती एका रेडिओ नाटकासाठी. कवी एझ्रा पाउंडनं रोमहून ज्यूंविरुद्ध गरळ ओकली. वेडसर ठरवून त्याला बारा वर्षं रुग्णालयात ठेवलं, खटला कधी चाललाच नाही. विनोदी लेखक वुडहाउस यांनी जर्मनांच्या नजरकैदेतून सुटल्यावर 1941 मध्ये बर्लिनहून पाच हलकीफुलकी भाषणं केली. ब्रिटनमध्ये संतापाची लाट आली, चौकशी झाली, खटला नाही, आणि 1975 मध्ये त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. कझन्स यांच्यावरचा आरोप ऑस्ट्रेलियानं मागे घेतला. त्यांनी लिहिलेलं वाचणारी मुलगी तुरुंगात गेली. यात मला न्याय दिसत नाही. नाव चिकटलं होतं, म्हणून माणूस शोधला गेला.

मग सुभाषबाबूंचं काय?

मराठी वाचक इथे हा प्रश्न विचारणारच, आणि विचारायलाच हवा. 1942 पासून बर्लिनहून 'आझाद हिंद रेडिओ' चालत होता, त्याची बातमीपत्रं हिंदी, बंगाली, तमिळसारख्या भाषांबरोबर मराठीतही असत. ब्रिटिशांच्या वहीत तो शत्रूचाच प्रचार होता. आणि माइक हिटलरच्या राजवटीचा होता, हे आपणही झाकून ठेवू नये.

फरक आहे तो निष्ठेच्या प्रश्नात. नोव्हेंबर 1945 मध्ये लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेचे अधिकारी शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लाँ यांच्यावर राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा खटला सुरू झाला. मुंबईचे भुलाभाई देसाई आजारी असतानाही बचावाला उभे राहिले. त्यांच्या मांडणीचा गाभा असा होता की राजा आणि देश एकच असतात तिथे निष्ठेचा प्रश्न सोपा असतो. पण देश गुलाम असेल आणि राजा परका असेल, तर माणसाची निष्ठा कुणाकडे? गुलाम राष्ट्राला मुक्तीसाठी लढण्याचा हक्क आहे. मला इथे जॉइसच्या निकालातला तर्कही आठवतो. फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूरच्या फॅरर पार्कवर ब्रिटिश अधिकाऱ्यानं हिंदी सैनिक जपान्यांच्या हवाली केले होते. संरक्षण आहे तोवर निष्ठा, असं म्हणायचं तर संरक्षण सोडून दिल्यावर काय उरतं?

त्याच हिवाळ्यात लंडनमध्ये जॉन अ‍ॅमरीनं बर्लिनहून केलेल्या प्रचाराचा गुन्हा कबूल केला. आठ मिनिटांत कामकाज संपलं, 19 डिसेंबरला फाशी झाली. त्याचे वडील लिओ अ‍ॅमरी, ज्यांच्या भारतमंत्रिपदाच्या काळात 'चले जाव'चे हजारो सत्याग्रही तुरुंगात गेले.

लाल किल्ल्यातल्या तिघांनाही लष्करी न्यायालयानं दोषी ठरवलं, जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. देश पेटलेला होता. सरसेनापती ऑकिन्लेक यांनी ती शिक्षा माफ केल्याचं 3 जानेवारी 1946 रोजी जाहीर झालं. सकाळी जॉइसला फाशी झाली तोच हा दिवस.

आज आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

भारताच्या दंडसंहितेत 'देशद्रोह' या नावाचा गुन्हा नाही. जुनं कलम 121, आता भारतीय न्याय संहितेतलं 147, बोलतं ते सरकारविरुद्ध युद्ध पुकारण्याबद्दल, आणि त्याची सुरुवात 'जो कोणी' अशी आहे. म्हणजे आतला की बाहेरचा हा प्रश्नच नाही. म्हणून तर अजमल कसाब या पाकिस्तानी नागरिकाला इतर गुन्ह्यांबरोबर या कलमाखालीही फाशीची शिक्षा झाली आणि 2012 मध्ये येरवड्यात ती अमलात आली. इंग्रजी कायद्याच्या व्याख्येत तो देशद्रोही बसलाच नसता. 124-अ हे कलम 1 जुलै 2024 पासून गेलं, पण सार्वभौमत्व आणि एकता धोक्यात आणण्याबद्दलचं कलम 152 आलं, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक संदेशांचाही उल्लेख आहे. मोबाइलवर टाकलेल्या मजकुराचे वाद त्याच्या दारात जातात. तिथेही जाणूनबुजून केलं होतं का, हे सिद्ध करावं लागतं.

त्याच येरवड्यात ऊषा मेहताही होत्या. ऑगस्ट 1942 मध्ये, वय बावीस, मुंबईत जागा बदलत बदलत त्यांनी साथीदारांबरोबर काँग्रेस रेडिओ चालवला, 42.34 मीटरवर. शत्रूची मदत नाही, परका माइक नाही, यंत्र इथलंच. 12 नोव्हेंबरला पोलीस दार फोडून आत आले. चार वर्षांची शिक्षा झाली. कोठडीत महिनोन्‌महिने चौकशी झाली, पण त्यांनी एकाही साथीदाराचं नाव सांगितलं नाही.